कपबशा वाजल्या नाहीत

इतवारी, नागपूर
जानेवारी १९८४

प्रिय कुंदाताई,

हे पत्र तुला मिळणार नाही. इथे सासरे वाचूनच पत्र पेटीत टाकतात.

मी बरी आहे. खालच्या गोदामात मिरचीची पोती आली आहेत. सगळं घरच खोकून राहिलं आहे, त्यामुळे माझ्या खोकल्याकडे कोणाचं लक्ष नाही.

मला बघायला आले तो दिवस तुला आठवत असेल. पाहुण्यांसमोर धाप लागू नये म्हणून तू स्वयंपाकघरात माझ्या हातात दम्याचा पंप दिलास. मी तो ओढला. याने हात थरथरतात, छाती धडधडते, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. चहाचा ट्रे नेताना कपबशा खणखण वाजायला लागल्या. तुझा चेहरा उतरला, पण सासूबाई खूश झाल्या. आईला म्हणाल्या, "पोरगी भारी लाजाळू आहे वं बाई. मले अशीच सून पाहिजे."

मग दम्याचं आपण कोणीच बोललो नाही.

तू दिलेला पंप मी साड्यांच्या घडीत ठेवला होता. तो दिवाळीच्या आधीच संपला. नवा मागायचा तर आधी आजार सांगावा लागेल.

काल नणंदेला बघायला मंडळी आली. चहा मीच नेला. एकही कप वाजला नाही.

"आता हिची भीड चेपली," सासूबाई हसून म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली. बोलायला श्वास पुरत नव्हता.

तुझी,
रत्ना