नऊ बाय दहाच्या खोलीतले स्पीकर

॥ श्री ॥
पेठकिल्ला, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालीस विनीतदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू इतकी पुटपुटतेस की अर्ध्या वाक्यावर मला फोन ठेवावासा वाटतो. यापुढे बहिणीने भावाशी कागदावर बोलावं.

मुद्दा स्पीकरचा. जहाजाच्या इंजिनरूममध्ये चौतीस वर्षं काढल्यावर मी एकच हौस धरली आहे. पडवीलगतच्या नऊ बाय दहाच्या खोलीत एक आरामखुर्ची, एक अँप्लिफायर, आणि फळीवर मावतील असे, पण अव्वल दर्जाचे दोन स्पीकर. दिवाळीत आपण दादरच्या दुकानात गेलो. ती धातूच्या ट्विटरची, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या वरच्या छोट्या स्पीकरची, काळी जोडी मला एका क्षणात पसंत पडली. आणि तू काय केलंस? दुकानदारासमोर दोन्ही कानांत बोटं घातलीस! तो माणूसही तुझ्याकडे बघून मान डोलवत होता. गाण्याच्या क्लासला तुला सायकलवर डबलसीट मी न्यायचो, आणि गाणं कसं ऐकावं हे आता तू मला शिकवणार.

घरातही तोच प्रकार. तुझी तुळसावहिनी हल्ली ओठांतल्या ओठांत बोलते. स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणते. काय म्हणालीस विचारलं तर म्हणे, काही नाही. माझ्या हौसेवरचा राग, दुसरं काय! तुळसाला वाटतं मला कळत नाही.

आठ दिवसांत तुझं मत कारणांसकट लिही, नाहीतर मी काळी जोडी मागवतो. राग तुझ्यावर आहे. लोभ त्याहून जुना आहे, तो राहू दे.

तुझा
विनीतदादा


ठाणे
२० नोव्हेंबर २०२४

ती. दादास मृणालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, मेमोच तो. जहाजावरून उतरून सहा वर्षं झाली तरी तुझा हुकूम काही उतरत नाही.

कारणं हवीत ना? घे. मी त्या दुकानात पुन्हा गेले. माझ्या तंबोऱ्याचं आणि विद्यार्थिनींच्या गाण्याचं रेकॉर्डिंग नेलं आणि तीन तास बसले. तुझ्या काळ्या जोडीवर प्रत्येक ‘स’ कढईच्या बुडाला चमचा खरवडावा तसा येतो. तुझ्या खोलीच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या, खाली लादी. तिथे तो आवाज दुप्पट टोचेल. शिवाय तिचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे. ती भिंतीपासून हातभर पुढे ठेवावी लागते, आणि तुझी फळी भिंतीला चिकटलेली! तबल्याचा डग्गा नुसता घुमत बसेल.

म्हणून मी अक्रोडी रंगाची, कापडी ट्विटरची, पुढे भोक असलेली जोडी तुझ्या नावाने नोंदवून टाकली. एवढ्या पैशात लोक गाडी घेतात, तेव्हा नीट लाव. खुर्चीत बसल्यावर वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला येऊ दे. एका भिंतीला जाड पडदा लाव आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट सरकव. आवडली नाही तर मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून समुद्रात टाक.

एक आणखी. त्या दिवशी तू आवाज एवढा मोठा केलास की दुसरं गिऱ्हाईक उठून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि वहिनीवर डाफरू नकोस. माझ्याशी ती फोनवर चांगली खणखणीत बोलते.

बाकी क्षेम. भांडायला का होईना, आठवण ठेवतोस तेवढी ठेव.

तुझी
मृणाली


पेठकिल्ला, रत्नागिरी
१६ डिसेंबर २०२४

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

स्पीकर आले. तू जिंकलीस, हे लिहिताना पेन अडतंय.

जोडणी मी स्वतः केली. प्रत्येकाच्या मागे तारा जोडायच्या चार खुंट्या होत्या आणि वरच्या खालच्यांना जोडणाऱ्या दोन-दोन पितळी पट्ट्या. कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी वाहतुकीसाठी लावलेले आधार काढायचे, हे आम्हाला पहिल्याच बोटीवर शिकवलं. ते न काढता पंप सुरू करणारे शहाणे मी पाहिलेत, आणि त्या पंपांचं पुढे काय झालं तेही. पट्ट्या काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, तारा खालच्या खुंट्यांना आवळल्या, आणि बसलो. पंधरा दिवस बसतोय. आवाज कसा, सायीसारखा मऊ! कुठे खरखर नाही, टोचणं नाही. तुझ्या कानांना मानलं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या गुरुवारी मी खोलीत बसलो होतो. अकराच्या सुमारास फाटकाशी रिक्षा थांबली. शेजारची मैना तुझ्या वहिनीला हाताला धरून उतरवत होती. वहिनीच्या डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आली! गल्लीतल्या मासेवालीला ठाऊक होतं, रिक्षावाल्याला ठाऊक होतं. नवरा घरात खुर्चीवर बसलाय, त्याला पत्ता नाही. मैना वर मलाच विचारते की भाऊ, तुम्ही का नाही आलात?

माझा असा पाणउतारा कुठल्या कॅप्टननेही केला नव्हता. मी तुळसाशी बोलणं सोडलंय. तूच विचार तिला, नवऱ्याला परकं का केलंस म्हणून.

लोभ असावा असं या घरात कोणाला सांगायचं हेच कळेनासं झालंय. तुला तेवढं सांगतो.

विनीतदादा


ठाणे
२३ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार. आज आशीर्वाद मागत नाही.

विचारलं वहिनीला. तिने तुला तीनदा सांगितलं होतं. सोमवारी जेवताना, बुधवारी कपडे वाळत घालताना, आणि गुरुवारी सकाळी तुझ्या दारात उभं राहून. तिन्ही वेळा तू हो हो, बघू म्हणालास. चौथ्यांदा सांगायचा तिला कंटाळा आला. मग ती मैनाबरोबर गेली.

आता तुझ्या त्या पितळी पट्ट्या. तुझं पत्र वाचून मी दुकानात फोन केला. दादा, ते वाहतुकीचे आधार नव्हते. खालून आलेला करंट त्या पट्ट्यांतून वरच्या ट्विटरला जातो. पंधरा दिवस तू अर्धा स्पीकर ऐकतोयस. वरचा मुका आहे. झांजा नाहीत, घुंगरू नाहीत, गाणाऱ्याचे शब्दही धड कळणार नाहीत. दुकानदार म्हणाला, लोक पहिल्या दिवशीच तक्रार करतात. आणि तू म्हणतोस सायीसारखा!

वहिनी पुटपुटत नाही. मीही पुटपुटत नाही. तुझे कान गेलेत, दादा. ती काळी जोडी आम्हाला टोचत होती म्हणूनच तुला थोडीफार पोचत होती. हे तुला कोणी सांगत नाही, कारण तू समोरच्याच्या अंगावर धावतोस. मी सांगते. धाव.

मला राग कशाचा येतो माहीत आहे? चौतीस वर्षं ती बाई तुझ्या सुट्टीची वाट बघत राहिली. तू घरी आलास, आणि एका खोलीचं दार लावून बसलास. बाहेर ती भिंतींशी बोलते. त्यात तिलाच परकेपणाचा ठपका! परवा फोनवर ती म्हणाली की इथे बोलायला कोणी नाही, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का. थोडे दिवस म्हणाली, पण तिचा आवाज मी ओळखते. दहा जानेवारीला मी तिला न्यायला येते आहे. त्याआधी तुला काही करायचं असेल तर कर.

तरीही तुझीच,
मृणाली


पेठकिल्ला, रत्नागिरी
३ जानेवारी २०२५

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तू खोटी आहेस हे सिद्ध करायचंच असं ठरवलं.

तुळसाला खोलीत बोलावलं. पंधरा दिवसांनी तिच्याशी पहिला शब्द बोललो, तोही हुकूम. खिडकीकडे तोंड करून बस म्हटलं. अँप्लिफायर बंद करून पट्ट्या लावायच्या, वाजवायचं, मग काढायच्या, असं सहा वेळा केलं. लावल्या की तिने हात वर करायचा. सहाच्या सहा वेळा ती बरोबर. मला काही फरक लागेना. कधी लावल्यात हे मला केवळ माझ्या हातांमुळे ठाऊक होतं.

मग मी संतापलो, पण कोणावर ते सापडेना. कंपनी कान झाकायचे मफ देत होती. मीच ते खिळ्याला टांगून ठेवायचो. इंजिन उघड्या कानांनी ऐकतो तोच खरा इंजिनीअर, अशी आमची मिजास. नवी पोरं मफ घालून आली की मी त्यांची टर उडवायचो. मूर्ख माणूस!

सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तुळसा बरोबर आली. मी म्हटलं नव्हतं, आपणहून चप्पल घालून उभी राहिली. काचेच्या एका कपाटात बसवून मला हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, मग बाहेर दिवा लागतो. मी दाबलं, काही वेळ दाबत राहिलो. मग बराच वेळ सगळं शांत. मला वाटलं, मशीन अडलं असेल. काचेतून बघितलं तर तपासणारी मुलगी एकामागून एक खटके दाबत होती, आणि दिवा लागत नव्हता. तुळसा त्या दिव्याकडे बघत होती, डोळे पुसत होती. नव्या डोळ्यालाही हात लावत होती, जो लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.

कानाला लावायचं मशीन पंधरा दिवसांनी मिळेल. सगळं परत येणार नाही म्हणाले. जेवढं येईल तेवढं.

परत येताना रिक्षात मी तिची माफी मागितली. दहा तारखेला जाऊ नकोस म्हटलं. ती माझ्याकडे बघून बरंच काही बोलली. रिक्षा खडखडत होती. तिचे ओठ हलताना दिसले, शब्द एकही पोचला नाही. आणि मृणाली, या वेळी मला मोठ्याने बोल म्हणायची हिंमत झाली नाही. हो हो म्हणायचीही झाली नाही.

तू तिला फोन कर. ती काय म्हणाली ते विचार, आणि जसंच्या तसं मला लिहून पाठव. नाही म्हणाली असेल तर तेही लिही.

लोभ किती ठेवायचा ते आता तुम्ही दोघी ठरवा. उत्तर लगेच टाक.

तुझा
विनीतदादा