परतीचं तिकीट

भोकरदन, मंगळवार, संध्याकाळ

माझा धाकटा भाऊ सचिन आफ्रिकेत घानाला निघालाय. वेल्डिंगचं काम आहे म्हणे, पण व्हिसा मात्र टूरिस्टचा. हे काही माझ्या डोक्यात बसेना. आज त्याला पाठवणारा एजंट घरी आल्ता, तेव्हा विचारलंच. "कामाला चाललाय ना, मंग फिरायचा व्हिसा कशाला?"

"ताई, तो जल्दी निघतो. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, पिवळ्या तापाची लस, एवढं दाखवायचं. विमानतळावर फिरायला चाललो म्हणायचं. मंग तिथं कामाचा व्हिसा बराबर बदलून देऊ."

लस तर सचिननं खरंच घेतलीय, दंड दुखतोय अजून. मंग बाकीचं खोटं कशाला?

"परतीचं तिकीट कधीचं?" मी विचारलं.

तो हसला. "ते नुसतं दाखवायला. व्हिसा आला की कॅन्सल."

सचिनही हसला. मला हसू आलं न्हाई. यानं परत येऊच नये, अशी सोय आहे का ही? की मीच उगा संशय घेऊन राह्यले?

एजंट गेल्यावर सचिन चिडला. "अक्का, तुला माझं चांगलं बघवत न्हाई."

"बघवतं. पण तिकीट कॅन्सल झाल्यावर तू घरी कशानं येशील, तेवढं सांग."

त्यानं मोबाईल काढला. एजंटला फोन लावला. "भाऊ, परतीचं तिकीट कॅन्सल करू नका, न्हाईतर ऱ्हाऊ द्या सगळं." फोन लगेच कट झाला. पुन्हा लावला, तर बंद.

पासपोर्ट उद्या एजंटला द्यायचा होता. सचिननं तो कपाटातून काढला, माझ्या हातात दिला आणि जेवायला बसला.