ट्रेलरची डावी बाजू

नॉर्डाल, विस्कॉन्सिन
जुलैचा शेवटचा रविवार

सौ. आर्डिसताईस,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. डेलभावोजींनाही सांग, पण जरा मोठ्याने (कानातलं यंत्र लावलेलं असेल तर बेताने). त्यांचा गुडघा कसा आहे? तुमच्या ॲरिझोनात म्हणे मोटारीच्या छतावर अंडं शिजतं. तसं असेल तर भावोजींना म्हणावं, गुडघाही थोडा वेळ छतावर ठेवून बघा. आम्ही इकडे ठीक आहोत. आई ठणठणीत आहे. शहाऐंशी पूर्ण झाली तरी मी दारात उभा राहिलो की आधी माझे बूट बघते आणि मग तोंड. पाऊस बरा झाला, मका खांद्याच्या वर गेला, तळ्यावर डास वेळेवर आले. हवामान इथे संपलं. फोनवर आपण बहीण-भाऊ याच्या पुढे कधी गेलेलो नाही, म्हणून या खेपेला पत्र लिहायला बसलो आहे.

तुला बाबांचा ट्रेलर, मोटारीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, आठवत असेलच. मला नाही आठवत. मला कळायला लागलं तेव्हा तो शेडमध्ये गेला होता आणि त्यात कोंबड्या राहत होत्या. या वसंतात मी त्याला ट्रॅक्टर लावून उजेडात ओढला आणि ईस्टरच्या जेवणाला आईला म्हणालो, की ऑगस्टअखेर तुला यातूनच तळ्यावर नेतो, एक रात्र राहू, पहिल्यासारखं. (मनात होतं ते बोललो नाही: पुढच्या उन्हाळ्याचं कोणी सांगावं? शहाऐंशी म्हणजे शहाऐंशी.) आईने बटाटे वाढता वाढता सांगितलं, "तो होता तसा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. नाहीतर मी येणार नाही. कुठल्याही डब्यात कोंबायला मी काय लोणच्याची बरणी आहे?" आई एकदा बोलली की ती दगडावरची रेघ, हे तुला मी सांगायला नको. तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

तर त्या ट्रेलरच्या कडेकडेने, लुगड्याला काठ असावा तशा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. पट्टीच्या मधोमध एक रबरी फीत, ती ओढली की खाली गंजके स्क्रू, आणि पट्टी उचकटली की खाली जुनी लांबी, फटी बुजवायला भरतात ती, वाळून दगड झालेली. ती लोखंडाने खरवडली तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. शेजारचा लोवेल म्हणाला, लाकूड वापर, पातळ, चपटं, लांब. आता असं लाकूड कुठे मिळायचं म्हणून मी आईच्या स्वयंपाकघरात गेलो, तर खणात अगदी जशी हवी तशी पट्टी! कामही सुरेख झालं. संध्याकाळी आई बघते तर काय, लेफ्साची पोळी उलटायची काठी, आजीने नॉर्वेहून येताना बोचक्यात घालून आणलेली, टोकाला काळी ठिक्कर. "खरवडायला दुसरं काही दिसलं नाही? माझ्या पलंगाचा पाय कापायचा होतास!" एवढंच बोलली आणि सूप वाढलं. (यंदाच्या नाताळात लेफ्साला लांबीची चव लागली तर कोणी बोलू नये, ही विनंती.)

पण ताई, त्या पट्टीखाली काय निघालं सांग पाहू. पिवळा रंग! लोण्यासारखा. आम्ही सगळे जन्मभर ट्रेलर हिरवा म्हणत आलो, आणि तो हिरवा निघाला बाबांचा नंतरचा उद्योग, कुंपण रंगवून उरलेल्या डब्यातला. पट्टीखाली ऊन पोचलं नाही, ब्रश पोचला नाही, म्हणून मूळचा रंग तिथे लपून राहिला. मी त्या बोटभर पिवळ्याकडे बराच वेळ बघत बसलो. मला वाटलं, आपण काय काय हिरवं समजून बसलो असू!

मग आला पंख. ट्रेलरच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला, तो कारखान्यातून आलेला शोभेचा ॲल्युमिनियमचा पंख आहे ना, त्याला मी पॉलिश लावून इतका घासला की दाढी करता यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी धडाधड आवाज. बघतो तर एक रानटर्की पंखातल्या स्वतःच्या प्रतिमेशी लढतोय. मी हाकलला, परत आला. लोवेल म्हणाला, दोष तुझ्या पॉलिशचा, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक आपण इतके कुरूप आहोत ते. शेवटी मी पंखावर मर्नाचा जुना फुलाफुलांचा एप्रन बांधला. त्या दिवसापासून गावात बोलवा आहे, की बायको गेल्यावर व्हर्लिनने आता ट्रेलरशी संसार मांडला. लोकांना काय, जिभेला हाड नाही. पण टर्की गेला.

आता खरी गंमत. उजवीकडे पंख आहे, म्हणजे डावीकडेही असणार. पण डावीकडे नुसती भोकं! आणि ती भोकं पंखाशी जुळेनात. पंख ठेवला तर दोन भोकं बाहेर राहतात, फिरवला तर तीन. म्हटलं, जुने फोटो बघू. आईचा बुटांचा खोका काढला. ताई, आपल्या घराण्याने त्या ट्रेलरचे ढीगभर फोटो काढलेत आणि सगळे उजव्या बाजूचे! दार तिकडे, खुर्च्या तिकडे, बाबांची शेगडी तिकडे, तुझे दात पडलेले तेही तिकडेच. डावीकडे जाऊन एकाही माणसाने कॅमेरा उचललेला नाही. डाव्या बाजूने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

मग मी भोकांचा नकाशा कागदावर उतरवला आणि शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणाला रोझेलाच्या बारमध्ये नेला. सगळं गाव कागदावर वाकलं. लोवेल म्हणाला, शिडीची बिजागरी. पास्टर म्हणाले, बेथलेहेमचा तारा. रोझेला म्हणाली, "अरे, तुझा बाप होता तो. बाटली उघडायचं काहीतरी असणार!" पास्टरांनी तारा मागे घेतला नाही, आणि शेवटी विषय असा पेटला की रोझेलाची कोशिंबीर पहिल्यांदाच कुणी नावं न ठेवता संपवली. मी आईला मात्र रोज दुपारी जाऊन विचारत होतो. सोमवारी म्हणाली, चंद्रकोर असेल. मंगळवारी म्हणाली, छे, चंद्रकोर तर ओल्सनांच्या ट्रेलरवर होती. उद्या ये, मटाराचं सूप करणार आहे, खाता खाता आठवेल. बुधवारी सूप झालं, पण आठवलं नाही. मला तिची काळजी वाटायला लागली. मनात आलं, विसरायला लागली की काय? म्हणून मी जास्तच वेळ बसायला लागलो, तिला जुन्या गोष्टी विचारायला लागलो, आणि तुला म्हणून सांगतो, तळ्यावरच्या त्या गोष्टी ऐकताना मला भोकांचाही विसर पडायचा.

गेल्या आठवड्यात डाव्या बाजूचा हिरवा रंग अगदी हलक्या हाताने घासून काढला. खाली पिवळा. ऊन कलतं झालं आणि त्या पिवळ्यात एक जास्त गडद पिवळा आकार दिसायला लागला, जिथे काहीतरी बसवलेलं होतं तिथे. पोट, शेपूट, पाठीवरचा काटेरी पर. मासा, ताई! हातभर लांब मासा! मी हातातलं टाकून तसाच आईकडे पळालो (बूट न पुसता). "आई, मासा होता?"

"होता," आई म्हणाली. "बूट."

मग सगळं बाहेर पडलं. डावा पंख मिनेसोटात एका खड्ड्यात उडाला, शोधून सापडला नाही. बाबांनी दुधाच्या टाकीच्या झाकणाचा पत्रा कापून त्याचा मासा केला आणि शपथेवर सांगायचे, की माझ्या गळातून निसटला तो हाच, मोजून घ्या. आईला इतकं सगळं एकदम कसं आठवलं कोण जाणे. मासा कुठे गेला विचारलं, तर म्हणाली, ते आर्डिसला विचार.

तर अशी इथली हालहवाल. बाकी सर्व क्षेम. भावोजींना उन्हात फिरू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
व्हर्लिन

ता. क. आई म्हणते, तू लग्नानंतर सामान न्यायला आलीस तेव्हा शेडमधून मासा उचललास आणि त्यावर गरम भांडी ठेवतेस. म्हणजे मागे मी तुझ्याकडे आलो तेव्हा तुझा हॉटडिश, तो चीज घालून भट्टीत भाजलेला, ज्याच्यावर होता आणि मी दोनदा मागून खाल्ला, तो हाच! ताई, तेवढा मासा पाठव. ऑगस्ट संपायच्या आत पोचला तर आई तळ्यावर येईल. दुसरं काही मागत नाही. बदल्यात तुला लाकडाचं पाटासारखं काहीतरी करून देईन, हवं त्या माशाच्या आकाराचं.

ता. क. २. घासू नकोस, भांड्यांच्या मशीनमध्ये तर मुळीच घालू नकोस, काळा पडेल. जळक्या चीजसकट पाठव. पत्राला तिकीट नव्हतं म्हणून पाकीट उघडंच आईकडे ठेवतो आहे, ती टाकील.

आर्डिस, मी आई. पाकीट मीच चिकटवणार, म्हणून दोन ओळी. मला मासा पहिल्या दिवसापासून आठवत होता. तुझ्या बाबांनी स्क्रू पिळले तेव्हा तो धरून मीच उभी होते. पण मर्ना गेल्यापासून व्हर्लिन दारातूनच "काही हवंय का" विचारायचा आणि जायचा. या भोकांपायी तो रोज येऊन बसतो, दोनदा सूप घेतो, आणि इतका बोलतो की मला रेडिओ लावावा लागत नाही. रविवारी तर हसला, मोठ्याने. तेव्हा तू त्याला कळव, की मासा सापडत नाही, शोधते आहे. माझी काळजी करू नकोस, मी कुठे जात नाही. बर्फ पडला की पाठव. तेव्हा तळं गोठलेलं असेल, आणि तो कुठल्या तोंडाने बसवायचा हे विचारायला पोराला सबंध हिवाळा माझ्याकडे यावं लागेल.