खुब्याचे पॉइंट

बुध. १४ जून २००६
हॉस्पिटलचं पत्र आलं. लेकीने, केतकीने वाचून दाखवलं. सरळ लिहीत नाहीत मेले. दोन पानं गोड गोड, शेवटी काय, तर ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आत्ता नाही. त्रास मोजून पॉइंट देतात, ते कमी पडले. परत आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. दीड वर्ष यादीत होतो, यादीतूनच काढलं.
हे म्हणाले, "बरं झालं, कापाकापी टळली." आणि उठताना भिंत धरली.
मी पर्स उचलून निघाले. ते-रापा भागातल्या मोटेलच्या खोल्या झाडायला माझी वाट बघत होत्या.

शुक्र. १६
ह्यांचा फोरमन चांगला म्हणून चाललंय. फिटरला शिडी चढावीच लागते, ह्यांच्या जागी तो दुसऱ्याला चढवतो. उद्या नवा फोरमन आला की घरी बसवील. मग माझ्या झाडू-पोछ्यावर तिघं.
प्रायव्हेटला लगेच करतात. फोन करून विचारलं. आकडा ऐकला आणि फोन ठेवला.

रवि. १८
शेजारची जोन परसातली लिंबं घेऊन आली. तिचा खुबा सरकारीतच झाला, मागच्या साली. म्हटलं, तुझं झालं, आमचं का नाही?
"लव्ह," ती सगळ्यांनाच लव्ह म्हणते, "त्याने त्यांना तब्येतीचा चांगला दिवस सांगितला की वाईट? वाईट सांगायचा असतो."
आमचे हे पॉइंटच्या तपासणीला इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट घालून गेलेले. काठी गाडीत. नर्स म्हणाली हाऊ आर यू, तर व्हेरी गुड! मी शेजारीच बसलेली. मला वाटलं, मॅनर्स आहेत माणसाला.

मंगळ. २०
तपासणीच्या वेळी ह्यांनी भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. केतकीला म्हटलं एकेक वाच. मोजे स्वतः घालता येतात का? खूण कशावर, तर अडचण नाही. आंघोळ? अडचण नाही.
मी उडालेच. दीड वर्ष रोज सकाळी जमिनीवर बसून मोजे मी घालते. नाड्या मी बांधते. टबात पाय मी उचलून ठेवते.
हे म्हणतात, "मग अडचण कुठाय? होतंय ना सगळं?"
"कोण करतं?"
"तू. घरातलं लोकांना कशाला सांगायचं?"
केतकी म्हणाली, "डॅड, यू आर अनरिअल."
म्हणजे मी जितकं करत गेले तितके हे कागदावर बरे होत गेले. सरकारला फुकटची नर्स. आणि पॉइंट माझ्याच हाताने कमी.

गुरु. २२
आज माझा संप. मोजे घातले नाहीत. हे पलंगावर, मोजा हातात. मी समोर चहा पीत. वीस मिनिटं. शेवटी उघडेच पाय बुटांत खुपसून, नाड्या लोंबत, गेले कामावर.
संध्याकाळी दोन्ही टाचा सोललेल्या. मलम लावताना मला रडू आलं. रागाने.
तेव्हा हळूच म्हणाले, "खरं लिहिलं आणि कागद कंपनीत गेला तर?"
एवढे दिवस ही भीती. बायकोला सांगता येत नव्हतं?

सोम. २६
डॉक्टरकडे. तरुण पोरगा, पण बरा. म्हणाला कंपनीला काही कळत नाही. फॉर्म खरा भरा, परत तपासणीला पाठवतो.
मी विचारलं, लोक वाढवून सांगतात का?
"काही जण. पण ऑपरेशनं तेवढीच होतात. एक वर गेला की एक खाली."
रांग लावायची सरकारने आणि ढकलाढकली करायची आम्ही.

शुक्र. १४ जुलै
आज तपासणी झाली. मी आत तोंड उघडायचं नाही, ही ह्यांची अट.
बाहेर समोर एक माओरी आजोबा, इथले मूळचे. किया ओरा म्हणाले, त्यांचा नमस्कार. लेक त्यांना दोन्ही हातांनी उठवत होती, तिच्या दुखऱ्या मनगटाला पट्टा.
आत नर्सने विचारलं, झोप लागते का? हे थांबले. माझ्याकडे बघितलं. "नो. माय वाइफ ऑल्सो नो." मग सगळं सांगितलं, मोजे, आंघोळ, संडास. मान खाली. लग्नाला वीस वर्षं झाली, असा आवाज कधी ऐकला नव्हता. नर्स लिहीत होती, वर बघितलं नाही.
गाडीत म्हणाले, "ते आजोबा माझ्यापेक्षा वाईट होते गं."
"असतील."
"मी वर गेलो आणि ते—"
"अहो, तुम्ही खरं सांगितलंत ना?"
"सांगितलं."
"मग झालं."
पत्राला किती आठवडे, कुणी सांगत नाही.
एक ह्यांना सांगितलेलं नाही. तपासणी करून बाहेर आल्यावर हे टॉयलेटला गेले तेव्हा त्या लेकीने मला विचारलं, आत काय काय विचारतात? बापाला काय सांगून ठेवू?
जोनचं 'वाईट सांगायचा असतो' आठवलं. मी म्हटलं, "नथिंग मच. इझी."