पत्त्यावरचे नाव

नवापूर, शुक्रवार, ता. ४ डिसेंबर १९३१. सकाळी साडेसहा. वखार उघडण्याआधी पायरीवर बसून लिहीत आहे.

तीर्थरूप अब्बांना इद्रिसचा सलाम.

माझी तब्येत चांगली आहे. जेवणही वेळेवर होते. अम्मीचा खोकला थांबला का? इथे मला सगळे ‘कारकून’ म्हणूनच हाक मारतात.

काल लाकूड घ्यायला एक पाटील घोडीवर आले. घोडी लंगडत होती. मी लेखणी ठेवली, तुम्ही शिकवल्याप्रमाणे तिचा खूर मांडीवर घेतला आणि सैल झालेला नाल वखारीच्या हातोडीने नीट बसवला.

पाटील हसून म्हणाले, “तू नालबंदना पोऱ्या शे का रे?”

शेठ बघत होते. मी म्हणालो, “नाही. मी कारकून शे.”

अब्बा, घोडी नीट चालत गेली, पण मला रात्रभर झोप लागली नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच लिहिले. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात यंदा नाल ठोकताना तुमच्या मदतीला कोण असेल?

एक विनंती आहे. उत्तर पाठवाल तेव्हा पत्त्यावर ‘इद्रिस बशीर नालबंद’ असे ठळक लिहवून घ्या. इथला टपालवाला सगळ्यांसमोर मोठ्याने नाव वाचून पत्र देतो.

तुमचाच,
इद्रिस