सिलिंडरांच्या मागचा मी

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार,

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, सारखा जिना चढू-उतरू नका. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे प्रकृतीने.

तुम्ही शब्द टाकून मला गॅसच्या गोदामात देखरेखीला लावलंत, तेव्हा मालकांना म्हणाला होतात, "आमच्या मेहुण्यांचं डोकं फार चालतं." दादा, ते चाललं. सिलिंडर उभे ठेवायचे, झडपेवर टोपी घट्ट, भोवती साखळी, भरलेले एकीकडे नि रिकामे दुसरीकडे, हे सगळं तिथे माझ्या आधीपासून नीट होतं. अक्कल पाजळायची काही गरज नव्हती. पण भिंतीशी मोकळी जागा दिसली आणि माझे हात शिवशिवले. त्याच दिवशी तपासणीस बाई यायच्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून मी कोपऱ्यात उभा राहून हमालांना सांगत सुटलो, "अजून आत घ्या, खेटून लावा!" माणसं आज्ञाधारक. त्यांनी खेटून लावले, साखळी ओढली, कुलूप घातलं आणि चहाला गेली. मांडणी इतकी सुबक झाली होती, की मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो. (आपण तिच्या आतल्या बाजूला आहोत, हे जरा उशिरा लक्षात आलं.) वरून चढून यावं, तर समोर पाटी : 'सिलिंडरवर चढू नये. पडून झडप तुटल्यास सिलिंडर भिंत फोडून जातो.' अक्षर माझंच.

इतक्यात मालक बाईंना घेऊन आले. मी पटकन खाली बसलो. वाटलं, बघतील आणि जातील. पण धुळीने शिंक आली. ती दाबायला गेलो, तर नाकातून लांबलचक 'फुस्स' निघालं.

"गळती! सगळे बाहेर!" बाई ओरडल्या.

मालक माझ्यासमोरून असे पळाले, की मला त्यांच्या वयाचं कौतुक वाटलं. शेवटी हात वर करून मी म्हणालो, "गळती नाही, मी आहे."

बाई परत आल्या. टाचा उंचावून त्यांनी मला नीट पाहिलं आणि मालकांना विचारलं, "हे भरलेल्यांत कशाला ठेवलेत? रिकाम्यांत हलवा." हसल्याही नाहीत हो!

मग हमालांनी एकेक सिलिंडर कलता करून, बुडावर फिरवत बाजूला नेला आणि मी बाहेर आलो. 'माणसाला जायला वाट ठेवावी,' असा शेरा मिळाला. मालकांनी मला साठवणुकीतून काढून वाहतुकीत टाकलंय. आता मी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतो आणि मागचे बांधलेले सिलिंडर हलत नाहीत ना, ते बघतो. कशालाही हात लावायची मला मनाई आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : घरी तुमच्या बहिणीला मी ही बढती म्हणून सांगितली आहे. तेवढं एक अभिनंदनाचं पत्र पाठवा. बाकी काही लिहू नका, टपाल तीच उघडते.

ता. क. दुसरा : आत्ता ती मागे उभी राहून सगळं वाचून गेली. म्हणते, तिला त्याच दिवशी कळलं होतं. किती सिलिंडर हलवावे लागतील याचा अंदाज येईना, म्हणून मालकांनी तिलाच फोन करून माझ्या कमरेचा घेर विचारला होता. तरी अभिनंदनाचं पत्र पाठवाच म्हणते. शेजाऱ्यांना बढतीचं तिनेही सांगून टाकलंय.