पहिला घास

मी, पुष्पाबाई नारायणराव इंगळे, वय अडुसष्ट, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. या घरात मला कोणी काही विचारत नाही, तर भरीस कोण घालणार?

१. माहेरच्या वाट्यातून माझ्या नावावर घेतलेले राहते घर माझी सून डिंपल हिला एकटीला मिळावे. मुलगा जीवन याचा त्यावर हक्क राहणार नाही. कारण सांगते.

माझे यजमान नारायणराव यांचा चुलतभावाशी बांधावरून तंटा होता. तो मला फितवून जेवणात विष घालायला लावील, हे यजमानांच्या डोक्यात बसले. तेव्हापासून ताटातला पहिला घास ते मला भरवत. "तू खाय पह्यले," म्हणत आणि माझ्या तोंडाकडे बघत बसत. मला काही झाले नाही की मग जेवत. तोवर भाकर गार झालेली असे. "काही चव नाही याले," म्हणून वर मलाच बोलत. शेजारच्या कलाबाई म्हणायच्या, "पुष्पे, नशीबवान हायेस. तुया नवरा पह्यला घास तुले भरवते!" मी हसायचे. मीठ कमी की जास्त हे मला कळतच नसे. जीभ फक्त कडू लागते का ते बघायची.

डिंपल भांडून माहेरी जाऊन आली तेव्हापासून जीवन तिच्याशी तेच करतो. मी विचारले, "काऊन रे?" म्हणाला, "बाबा नव्हते का करत?" मला त्याची लाज वाटते.

२. यजमानांचे पितळी ताट मोडीत द्यावे. त्यात कोणी जेवू नये.

३. माझी गळ्यातली पोत मुलगी जयमाला हिला द्यावी. तिने एकदा विचारले होते, "आई, तुले खायाले काय आवडते?" मला सांगता आले नाही.

४. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर "जीवनला सांभाळू" असे कोणी कबूल करू नये. डिंपलच्या हातचा घास, तिला न चाखवता, जीवनने सगळ्यांदेखत आधी स्वतः खावा. त्याने खाल्ला नाही, तर दर्भाचा कावळा करून मला मोकळी करू नये. मला घाई नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, माझ्या मनासारखा आहे, म्हणून दोघांसमोर सही केली.

सही : पुष्पाबाई नारायणराव इंगळे

साक्षीदार : १. गुलाबराव तायडे २. सुवर्णा खोंडे

वडनेर भोलजी, १४ नोव्हेंबर २०२३